चौघांची टीम, एक गाडी आणि वाळवंट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींवर दोन पानं छापली काय, सातारा-सांगलीकडनं प्रश्नांचा ढीगच लागला. "दादा, कुठली गाडी घेऊ" एवढंच विचारणारे बाजूला ठेवलेत, कारण त्याचं उत्तर तुमच्या खिशाला माझ्यापेक्षा जास्त माहितेय. छोट्या टीमनं हे कसं निभवायचं असं ज्यांनी विचारलंय ते घेतलेत. मी स्वतः रेसर नाही, सांगलीत गॅरेज चालवतो आणि दुसऱ्यांच्या टीमबरोबर पाने-पक्कड घेऊन राजस्थानात जातो, तेवढं धरून वाचा.

प्रश्न : दादा, आम्ही विट्याचे चौघं मित्र. दोघांचे यंत्रमाग आहेत, एकाची द्राक्षबाग आणि एक जण ट्रॅक्टर दुरुस्ती करतो. पैसे साठवून एक साईड-बाय-साईड गाडी (शेजारी-शेजारी दोन सीटची, हलकी, रानात पळणारी) घ्यायची आणि कधीतरी डकार रॅलीपर्यंत जायचं असं डोक्यात बसलंय. पण व्हिडिओत बघितलं की कंपनीवाल्यांचे ट्रक न् माणसांची फौज दिसते. चौघांना तिथं जागा आहे का?

उत्तर : आहे की. उलट ही रॅली सुरूच झाली ती असल्या लोकांपासनं. थिएरी साबीन नावाचा फ्रेंच गडी १९७७ साली एका रॅलीत मोटरसायकलवर वाळवंटात वाट चुकला, मरता मरता वाचला, आणि घरी जाऊन गप बसायचं सोडून त्यानं त्याच वाळवंटातनं पॅरिस ते डकार अशी रॅली काढली. डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून १८२ गाड्या सुटल्या आणि डकारला पोचल्या ७४. पहिला आला सिरिल नव्हो, यामाहा एक्सटी ५०० वर, तेव्हा बाईक-मोटारी सगळ्यांचा निकाल एकत्रच लागायचा, म्हणजे हा पठ्ठ्या मोटारींच्याही पुढं.

आता रॅली आफ्रिकेत नाही. २००८ ला सुरक्षेच्या भीतीनं रद्द झाली, मग २००९ ते २०१९ दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासनं सौदी अरेबियात. कंपन्या आल्या, पैसा आला, पण एक गट अजून असा शिल्लक आहे की ज्यात बाईकवाल्याला एकही मेकॅनिक चालत नाही. पूर्वी त्याला माल मोटो म्हणायचे. आयोजक त्याची पेटी, तंबू, जादा चाकं-टायर पुढच्या तळावर नेऊन ठेवतात, बाकी दिवसभर शेकडो किलोमीटर बाईक मारून आल्यावर संध्याकाळी टायर त्यानंच बदलायचा, ऑईल त्यानंच बदलायचं, आणि झोप उरली तर झोपायचं. कंपनीचा रायडर त्या वेळी मसाज घेत असतो. म्हणजे एकटा माणूस ही रॅली संपवू शकतो, मग चौघं म्हणजे लई झाले.

अडचण वेगळीच आहे. चौघांतल्या चौघांनाही स्टेअरिंग पाहिजे असतं आणि तिथंच टीम मोडते, वाळूपर्यंत जायची गरजच पडत नाही. तुमच्यातला एक चालवणार, एक शेजारी बसून वाट सांगणार, ट्रॅक्टरवाला पाना धरणार, आणि चौथा? चौथ्यानं पिकअप चालवायची, डिझेल-जेवण-कागदपत्रं बघायची आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "आता बास, झोपा" हे म्हणायचं. त्याचं ऐकायचं असं घरनं निघतानाच ठरवून घ्या, कारण रात्री अकरा वाजता सगळेच चिडलेले असतात आणि त्या वेळी ठरवलेलं काही टिकत नाही. मी तर म्हणतो तुमच्यातला सगळ्यात शहाणा माणूस त्या जागेवर टाका, ड्रायव्हर थोडा कमी शहाणा असला तरी चालतोय.

आणि डकारच्या आधी जैसलमेर बघा. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर-शर्यतींची संघटना) स्पर्धा लायसन्स काढा, राजस्थानातल्या बाहा शर्यतीत (रानातली, डकारपेक्षा छोटी शर्यत) उतरा आणि गाडी शेवटपर्यंत आणा, नंबर बिंबर नंतर. डकारलाही बाईकवर पहिल्यांदा येणाऱ्याला आधीच्या रॅलीचा अनुभव दाखवावा लागतो, थेट कोण घेत नाही. सगळे पैसे गाडीत घालू नका, अर्धी टीम इथंच चुकते, गाडी चकाचक आणि परत यायला डिझेलला पैसे नाहीत.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत मेकॅनिक आहे. एका टीमनं राजस्थानला बोलवलंय, रेसची एक गाडी, मागं एक पिकअप आणि मेकॅनिक म्हणून मी एकटाच. स्पेअर काय काय आणि किती न्यायचे? पिकअप तर भरून वाहायला लागलीय.

उत्तर : भावा, पिकअप रिकामी कर आधी. मोठ्या टीमचा ट्रक बघून आपण यादी करतो आणि तिथंच फसतो, त्यांच्याकडं ते बसवायला माणसं असतात. तू एकटा आहेस, रात्री तुझ्याकडं चार-पाच तास. इंजिनचं काम तेवढ्यात तुझ्याच्यानं होणार नाही, मग ते स्पेअर नेऊन उपयोग काय?

असा विचार कर की कुठली वस्तू मोडली तर गाडी जागेवर थांबते, आणि ती ड्रायव्हर-नेव्हिगेटर दोघांना उन्हात, तुझ्याशिवाय बदलता येतेय का. ती वस्तू पिकअपमध्ये नको, रेसच्या गाडीतच पाहिजे. साईड-बाय-साईड असली तर पहिला मान बेल्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडं नेणाऱ्या पट्ट्याचा. तापला की फाटतो, आणि फाटला की नुसता तुटून बाजूला पडत नाही, त्याच्या चिंध्या आणि दोरे दोन्ही पुलींच्या मागं जाऊन बसतात. कव्हर हाताला चटका देतंय, घाई झालेली असते, माणूस वरवर चिंध्या काढतो, नवा बेल्ट चढवतो आणि निघतो. आत एक दोरा राहिला की थोड्या वेळात तो पण गेला. म्हणून दोघांना घरी शेडमध्ये नाही, बाहेर मुरमावर, हातमोजे घालून, गाडी गरम असताना बेल्ट बदलायला लाव. एकदा नाही, कंटाळा येईपर्यंत. जादा बेल्ट पण कोरे नेऊ नका, आधी प्रत्येक बेल्ट हळू चालवून बसवून घ्या आणि मग काढून खुणा करून ठेवा.

दुसरं, सगळ्या महत्त्वाच्या नट-बोल्टवर घट्ट केल्यावर पेंट मार्करनं एक सरळ रेघ मार, अर्धी नटवर, अर्धी पत्र्यावर. रात्री टॉर्च फिरवली की रेघ तुटलेली दिसते तो नट ढिला. प्रत्येक नटाला पाना लावत बसलास तर पहाट होतेय. आणि गाडी तळावर आली की बॉनेट उघडायच्या आधी चारही चाकांच्या हबला हात लाव. तीन कोमट आणि एक पोळतंय असं असलं की त्याचं बेअरिंग जायला लागलंय, त्या रात्रीचं काम तिथनं सुरू.

एअर फिल्टर घरीच तेल लावून, पिळून, एकेक झिपच्या पिशवीत भरून ने. तिथं धूळ उडत असताना तेलाच्या हातानं फिल्टर भरत बसायचं म्हणजे वाळूच तेलात कालवायची. बसवताना कडेला ग्रीसचा हात फिरव, नाहीतर फिल्टर चांगला आणि धूळ कडेनं आत, असं होतं. काही ठिकाणी जमीन गिरणीतल्या पिठासारखी असते, आफ्रिकेत त्याला फेशफेश म्हणतात, वरनं सपाट दिसते आणि आत चाक बुडतं, ती धूळ बारीकातल्या बारीक फटीतनं आत जाते.

बाईकवाल्यांचा विषय वेगळा. त्यांच्या टायरमध्ये ट्यूब नसते, फोमची जाड रिंग असते, तिला मूस म्हणतात. पंक्चरची कटकट नाही, पण कडक रस्त्यावर वेगात पळवलं की आतनं तापून विरघळते. मूसवाला टायर चढवणं हे ताकदीचं काम नाही, गुडघा कुठं ठेवायचा याचं काम आहे, कुणीतरी करताना बघून घे.

बाकी तार, क्लॅम्प, झिप टाय, दोन प्रकारचं एपॉक्सी, टो पट्टा, फावडं. आणि टूल कमी ने. गाडीवरचे बोल्ट जमतील तेवढे एका मापाचे करून टाक आधीच, मग तीन पान्यांत निम्मी गाडी खुलते.

प्रश्न : आमचं म्हसवड. उन्हाळ्यात माणगंगा कोरडी असते, पात्रात बाईक घालून वाळूचा सराव केला तर राजस्थानात उपयोग होईल का?

उत्तर : थोडा होईल, पण पात्रात नको. उपसा करून जागोजाग खड्डे पडलेत, वरनं दिसत नाहीत, मान मोडून घ्याल. शिवाय नदीची वाळू भरड, तिच्यात चाक रुततं एवढंच शिकता येतं. वाळवंटात अवघड असतात ते ढिगारे. वाऱ्याकडची बाजू चढणीची आणि कडक, पलीकडची बाजू तीस-बत्तीस अंशांनी सरळ खाली कोसळलेली. चढायला वेग लागतो आणि माथ्यावर तोच वेग जीव घेतो, म्हणून माथा यायच्या किंचित आधी गॅस सोडायचा, पलीकडं काय आहे ते बघायचं आणि मगच नाक खाली घालायचं. हे नदीत शिकता येत नाही. थांबायचं झालं तर उतारावर तोंड करून थांबा, चढावर थांबला की गेलात.

हवा कमी करायची सवय मात्र इथं लावता येईल. मोटारीच्या टायरमध्ये रस्त्यावर तीस-बत्तीस पीएसआय असते, वाळूत ती पंधरा-सोळावर आणली की टायर पसरतो आणि गाडी वर तरंगल्यासारखी चालते. अजून रुतली तर आणखी थोडी काढायची, फक्त मग वळणात झटका द्यायचा नाही, टायर रिमवरनं उतरतो. परत कडक रस्ता लागला की भरायची, आणि भरायचं काम कुणाचं हे आधी ठरवा कारण दमल्यावर सगळ्यांनाच वाटतं की दुसऱ्यानं भरलीय.

वेळेचंही बघा. सकाळी गारव्यानं वाळू घट्ट असते, दुपारी तीच सैल होते. आणि भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावलीच पडत नाही, चढ कुठं संपला आणि खड्डा कुठं सुरू झाला काही कळत नाही, सगळं सपाट पांढरं. अनुभवी माणसं त्या वेळात वेग कमी करतात, नवे तिथंच उडतात.

पण एक सांगू का, वाळू नाही म्हणून माणदेशातल्या पोरांनी रडायची गरज नाही. सौदीतल्या डकारचे कित्येक टप्पे नुसत्या दगडांचे असतात, टायर फुटून फुटून मोठमोठ्या टीमा रडकुंडीला येतात. दहिवडी-म्हसवडच्या मुरमाड माळावर, बाभळीच्या काट्यांत ज्यानं न फोडता टायर चालवलेत त्याला तो भाग नवा नाही. वाळूसाठी आठवडाभर जैसलमेरला जाऊन या. तिथं पण ढाण्यांच्या (छोट्या वस्त्यांच्या) भोवती तारेची कुंपणं असतात, वाळूच्या रंगात मिसळून जातात, ती दिसायला डोळा तयार व्हावा लागतो.

प्रश्न : नमस्कार दादा, मी कराडची. भाऊ रॅली करतो आणि मला त्याच्या शेजारी बसून नेव्हिगेशन करायचंय. घरचे म्हणतात मोबाईलवर मॅप असतोय की, त्यात शिकायचं काय? आणि मुलींना तिथं कोण विचारतं?

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट यांनी २००१ साली मित्सुबिशी पजेरोत अख्खी डकार जिंकलीय, मोटारींच्या गटात, पुरुषांसकट सगळ्यांना मागं टाकून. आपल्या बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से २०१९ ला बाहा शर्यतींच्या महिला वर्ल्ड कपमध्ये पहिल्या आल्या. घरच्यांना एवढं पुरे.

आता मॅपचं. रॅलीत मॅप नसतोच. जीपीएस यंत्र आयोजकांचं असतं आणि ते वाट दाखवत नाही. तुम्हाला मिळतं रोडबुक, पूर्वी कागदाची गुंडाळी असायची, आता टॅबलेट, तेही डकारला हल्ली सुटायच्या तोंडावरच देतात, रात्रभर अभ्यास करायची सोय नाही. त्यात किती किलोमीटरवर काय आहे, छोटं चित्र, किती अंशाच्या दिशेनं जायचं आणि धोका किती मोठा त्याची उद्गारचिन्हं, एक, दोन, तीन. तीन उद्गारचिन्हं असली तर ओरडूनच सांगायचं. वाटेत लपलेले वेपॉईंट, म्हणजे जिथनं जावंच लागतं अशा जागा, असतात, तुम्ही त्यांच्या बऱ्यापैकी जवळ गेल्यावरच यंत्र त्यांची दिशा दाखवायला लागतं, चुकवला तर दंड. म्हणजे गाडी कितीही पळू दे, शेजारच्यानं दहा अंश चुकवले की सगळा वेग चुकीच्या दिशेला.

१९८२ ला ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क याच रॅलीत सहारात हरवला होता. प्यूजो ५०४ चा अ‍ॅक्सल बिघडला आणि गाडी मार्गापासनं भरकटलेली. गाडीत तो, सहचालक शार्लट व्हर्नी आणि मेकॅनिक, तिघं. सहा दिवसांनी विमानातनं दिसले. दिसले त्याचं कारण गाडी सोडून कोण कुठं चालत गेलं नव्हतं. हा नियम पाठच करा, गाडी सोडायची नाही. माणूस वरनं दिसत नाही, गाडी दिसते.

छोट्या टीममध्ये नेव्हिगेटरला नुसतं वाचून भागत नाही हे पण लक्षात घ्या. जॅक लावणं, फावडं मारणं, पेट्रोल किती उरलं याचा हिशोब, टाईम कार्डावर शिक्का, ड्रायव्हरला पाणी प्यायला लावणं, सगळं तुमच्याच गळ्यात. म्हणून धावती गाडी, हलतंय सगळं, पोटात ढवळतंय, अशात वाचायचा सराव करा. कराड-पाटणच्या उसातल्या रस्त्यांचं स्वतःच रोडबुक बनवा, बांध, चारी, डीपी, पडका मळा असं लिहून, महिन्याभरानं भावाला फोन बंद करायला लावा आणि त्यावरनं गाडी न्या. उसात दहा फुटांपुढचं दिसत नाही, बरंच शिकायला मिळतं. आणि चाकावरच्या मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका, वाळूत चाक जागेवर फिरतं तेवढं अंतर मीटर फुकटचं मोजतं, ओळखीची खूण आली की आकडा जुळवून घ्यायचा.

वाट चुकलीय असं वाटलं तर ताई, लगेच बोला. भाऊ आहे म्हणून "थोडं पुढं जाऊन बघू" करत बसला की पाच किलोमीटरचे वीस होतात.

प्रश्न : तिथल्या उन्हात माणूस शिजत असेल ना? (जत)

उत्तर : जतच्या माणसानं हे विचारावं म्हणजे कमाल आहे. डकार जानेवारीत असते. बाईकवाले पहाटे काळोखात सुटतात, स्पर्धेचा टप्पा सुरू व्हायच्या आधी शे-दोनशे किलोमीटर साध्या रस्त्यानं जायचं असतं आणि थंडीनं बोटं वळत नाहीत. २०२२ ला तर तळावर एवढा पाऊस पडला की पाणी साचून मॅरेथॉन टप्प्याचा (ज्यात रात्री मेकॅनिकची मदत मिळत नाही) मुक्कामच रद्द करावा लागला. तेव्हा रेनकोट न्या, आणि डिसेंबरात पहाटे चारला महाबळेश्वरचा घाट बाईकवर चढून बघा. राजस्थानात मार्चनंतर जाणार असाल तर मात्र उन्हाचंच बघावं लागेल, तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी, आणि त्यात मीठ-साखर. नुसतं पाणी ढोसलं तरी माणूस पडतो.

प्रश्न : मी कोरेगावचा, शेतकरी. थोरला मुलगा बाईक रॅलीच्या नादाला लागलाय, नोकरी करून पैसे साठवतोय. मी नाही म्हणत नाही, पण रात्री झोप लागत नाही. खरं सांगा, किती धोका आहे?

उत्तर : काका, धोका आहे, गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. २०२० च्या डकारला पाउलो गोन्साल्विस हा पोर्तुगीज रायडर सातव्या टप्प्यात पडून गेला. तो आपल्या हिरो कंपनीच्या टीमकडनं चालवत होता आणि साधासुधा नव्हता, जगात मोजक्या अनुभवी लोकांत त्याचं नाव. टीमनं तिथनंच माघार घेतली. त्याचाच मेव्हणा जोआकिम रॉड्रिग्ज त्याच टीममध्ये होता, त्यानं २०२२ ला एक टप्पा जिंकला. आपला सी. एस. संतोष, २०१५ ला डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, तो २०२१ ला पडला आणि डॉक्टरांनी त्याला औषधं देऊन कोमात ठेवलं होतं. नंतर सावरला.

दुसरी बाजू पण ऐका. आता रायडरला एअरबॅगचं जॅकेट सक्तीचं आहे, २०२१ पासनं. बाईकवर ट्रॅकर असतो, रायडर पडून हालला नाही तर कंट्रोल रूमला कळतं, डॉक्टर हेलिकॉप्टरनं येतात. कुणी पडलेल्याला मदत करायला थांबला तर त्याचा गेलेला वेळ परत देतात, गोन्साल्विस पडला तेव्हा टोबी प्राईस थांबला होता, हा दोनदा जिंकलेला माणूस, त्याला वेळ परत मिळाला. केरळचा हारिथ नोआ २०२४ ला बाईकच्या रॅली टू गटात (सगळ्यात वरच्या गटाच्या खालचा) पहिला आला, एकूण अकरावा, हातपाय शाबूत.

मला विचाराल तर मोठ्या रॅलीपेक्षा भीती सरावाची वाटते. रॅलीत डॉक्टर असतात, सरावाला पोरगा एकटा कुठल्या तरी माळावर जातो आणि पडला तर मेंढपाळ दिसेपर्यंत पडून राहतो. तेव्हा त्याला दोन अटी घाला. एकटं जायचं नाही, दोन बाईक पाहिजेत, आणि परत यायची वेळ घरी सांगून जायचं, ती टळली की तुम्ही शोधायला निघणार. तिसरी अट थोडी अवघड आहे पण घालाच. दमल्यावर थांबायचं. एकटा रायडर म्हणजे रात्री मेकॅनिकही तोच, झोप तीन तास, आणि दोन-चार दिवसांनी पहिल्या दिवशी सहज दिसलेला दगड त्याला दिसत नाही. निम्म्यात सोडून आला तर घरी कोण काही बोलणार नाही हे तुमच्या तोंडनं त्याला ऐकू द्या, बाकी कुणी सांगून पोरं ऐकत नाहीत.

प्रश्न : सांगलीतनं लिहितोय. मेक्सिकोतली बाहा १००० म्हणजे मुक्कामच नाही, सुटलं की थेट शेवट. मग ज्यांच्याकडं दोनच पिकअप आणि सहा-सात माणसं आहेत ते काय करत असतील? झोपतात कधी?

उत्तर : झोपत नाहीत, हाच तर सगळा प्रश्न आहे. डकारला निदान रोज तळ असतो. तिथं सुद्धा २०२४ ला ४८ तासांचा टप्पा काढला, दुपारी ४ वाजले की पुढचा जो तळ येईल तिथं थांबायचं, आपला मेकॅनिक नाही, तंबू आणि शिधा घ्यायचा आणि एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या. पण बाहात घड्याळ थांबतच नाही.

बाहाचा जन्म पण गमतीचा. १९६२ ला डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन हे दोघं होंडाच्या बाईकवर मेक्सिकोतल्या तिहुआनाहून ला पाझ या शहराला गेले, ४० तासांच्या किंचित आत. पुरावा काय? निघताना तारऑफिसात जाऊन वेळेचा शिक्का आणि पोचल्यावर तिथल्या तारऑफिसात शिक्का. १९६७ ला रीतसर रेस झाली, ती एका हलक्या फोक्सवॅगन बग्गीनं २७ तास ३८ मिनिटांत जिंकली, दोन माणसांनी आलटून पालटून चालवून. म्हणजे छोटी टीम हा त्या रेसचा पायाच आहे. साध्या जुन्या बीटल गाड्यांचा वेगळा गट अजून असतो, बिचारे पोचायला रात्र, दिवस, परत रात्र करतात.

छोटी टीम तिथं ड्रायव्हर वाटून घेते. रेसचा मार्ग रानातनं जातो आणि पिकअप हायवेनं, ठराविक ठिकाणी दोन्ही भेटतात, ड्रायव्हर बदलतो, पेट्रोल पडतं. दोन पिकअप असल्या तर एकीनं पहिल्या भेटीचं काम उरकलं की दुसरीला ओलांडून तिसऱ्या जागी जायचं. सगळ्या ठिकाणी आपली माणसं ठेवणं शक्य नसतं म्हणून तिथं पिटवाल्यांचे (वाटेत थांबून गाड्यांना मदत करणाऱ्यांचे) क्लब आहेत, पैसे भरले की ते तुमच्या बाईकला पेट्रोल देतात, किरकोळ मदत करतात. पैसे वाचवायचे तर स्पॉन्सरच्या स्टिकरवर वाचवा, हे घ्याच.

खरा धोका कुणाला आहे विचाराल तर मी पिकअपवाल्याला म्हणेन. रेसच्या गाडीत रोल केज (पाईपचा पिंजरा), हेल्मेट, पाच पट्ट्यांचा बेल्ट. पिकअपमधला गडी मागच्या रात्रीपासनं जागा, अरुंद हायवे, कडेला साईडपट्टी नाही आणि अंधारात रस्त्यावर गाई उभ्या. त्याला घाई रेसवाल्याइतकीच झालेली असते आणि तो रेस करत नसतो. म्हणून पिकअपमध्ये कायम दोघं, एक चालवणारा, एक खरोखर झोपलेला, आणि पिकअप उशिरा पोचली तरी चालेल असं गणित आधीच बसवून ठेवायचं. रेसची गाडी तास-दीड तास थांबली तर थांबू दे. जैसलमेर-सांगली परतीच्या प्रवासाला पण हेच लागू आहे, आपले लोक रेस संपली की त्याच रात्री निघतात, सोमवारी दुकान उघडायचं असतं ना.

रेडिओवर बोलायचं कसं तेही ठरवा. "गाडी बिघडलीय, लवकर या" याचा काही उपयोग नाही. कितव्या किलोमीटरवर, काय तुटलंय, काय पाहिजे, माणसं ठीक आहेत का, या क्रमानं. माणसांचं पहिल्यांदा सांगितलं तर अजून चांगलं, ऐकणारा मग डोकं शांत ठेवून पाने काढतो.

आणि अजून एक, बघायला आलेलं पब्लिक मजेखातर मार्गावर खड्डे करतं, उड्या मारायला ढीग रचतं. जिथं माणसांची गर्दी विनाकारण जमलेली दिसेल तिथं वेग कमी करायचा. आपल्याकडंही फार वेगळं नाही.

प्रश्न : मी वडूजला फॅब्रिकेशन करतो, ट्रॉल्या, गेट, शेड. गाडी चालवायची हौस नाही पण या लोकांबरोबर जायला आवडेल. वेल्डरला कोण घेईल का?

उत्तर : घेईल का काय, भांडतील. दहा जण चालवणारे मिळतात, वेल्डिंग येणारा एक मिळत नाही. उसाच्या ट्रॉल्यांचे सांधे ज्यानं वर्षानुवर्षं मारलेत त्याला तुटलेला सस्पेन्शनचा आर्म बघून कुठं पट्टी द्यायची ते सांगावं लागत नाही.

फक्त रानात लाईट नसते, जनरेटर न्यायला पिकअपमध्ये जागा नसते, म्हणून बॅटरीवर मारायला शिका. बारा व्होल्टच्या दोन चांगल्या बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या की चोवीस व्होल्ट होतात, तीन जोडल्या की छत्तीस, जाड जंपर केबल, बारीक रॉड, आणि पाच-दहा मिनिटांचं काम निघतं. पातळ पत्र्याला दोन पुरतात, जाड आर्मला तीन लागतील. घरी भंगारच्या पाईपवर करून बघा, करंट कमी-जास्त करायची सोय नसते त्यामुळं हात वेगळा चालवावा लागतो. बॅटऱ्या ठिणग्यांपासनं लांब आणि वाऱ्यावर ठेवा, त्यातनं निघणारा गॅस पेट घेतो. काच न लावता एकही टाका मारायचा नाही, कितीही घाई असू दे. आणि ज्या गाडीला मारताय तिची स्वतःची बॅटरी आधी सोडवा, जमलं तर इसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) कनेक्टर पण, नाहीतर आर्म जुळतो आणि गाडी सुरू होत नाही, मग सगळे तुमच्याकडं बघत बसतात.